तालमींतून अंगणाकडे

आरोग्याचा विषय निघाला म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें प्रथम एखाद्या पहिलवानाची मूर्ति उभी राहते. रुंद छाती, पिळदार दंड, भरलेल्या मांड्या आणि चालण्यांतला तो डौल! अशा मूर्तीकडे पाहून सामान्य गृहस्थ मनाशीं म्हणतो, हें कांहीं आपलें काम नव्हे. आणि शरीराकडे दुर्लक्ष करण्यास त्याला एक सोज्ज्वळ निमित्त मिळतें. व्यायाम हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनीं तो करावा व इतरांनीं तो पाहावा, ही समजूत आजची नाहीं. तिचीं मुळें फार खोल गेलेलीं आहेत. महाराष्ट्राच्या गेल्या दोन शतकांत ही समजूत कशी ढिली होत गेली, आणि व्यायाम रणांगणांतून तालमींत व तालमींतून घरच्या अंगणांत कसा येऊन पोंचला, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे. आजच्या प्रकृतीच्या पुष्कळशा प्रश्नांचीं उत्तरें तिच्यांत सांपडतात.

प्राचीन आयुर्वेदकारांचा विचार या समजुतीहून अगदीं निराळा होता. निरोगी मनुष्याचें लक्षण सांगतांना सुश्रुतानें दोष, अग्नि, धातु व मलक्रिया यांच्या समतोलाबरोबर आत्मा, इंद्रियें आणि मन यांच्या प्रसन्नतेचीहि अट घातली आहे. दुखणें नसलें तरी चित्त उदास असेल, तर त्या मनुष्याला स्वस्थ म्हणतां येणार नाहीं, असा याचा अर्थ. व्यायामासंबंधींहि या शास्त्रकारांनीं मोठी व्यवहार्य मर्यादा आंखून दिली. मनुष्यानें आपल्या बळाच्या निम्म्यानेंच व्यायाम करावा. श्वास तोंडावाटे चालूं लागला, कपाळावर घाम आला, कीं अर्धें बळ खर्च झालें असें समजावें. वाग्भटानें यास 'अर्धशक्ति' असा शब्द वापरला आहे. अतिव्यायामापासून खोकला, ज्वर, ग्लानि असे विकार होतात, असा इशारा चरकानेंहि देऊन ठेवला आहे. या दृष्टीनें पाहतां व्यायाम ही आहार व निद्रा यांच्यासारखीच रोजच्या दिनचर्येंतली एक साधी बाब ठरते.

परंतु ज्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या लढाई चालूं असते, तेथें अर्ध्या शक्तीवर भागत नाहीं. सतराव्या शतकांतल्या महाराष्ट्राला मनगटांत तलवार पेलणारीं, दौडीवर दौड मारूनहि न थकणारीं माणसें हवीं होतीं. समर्थ रामदासांनीं कृष्णाकांठच्या मुलखांत मारुतीचीं देवळें स्थापन केलीं. त्यांतले अकरा मारुति आजहि प्रसिद्ध आहेत. समर्थ स्वतः रोज बाराशें सूर्यनमस्कार घालीत, असें परंपरा सांगते. आंकड्याचा हिशोब बाजूला ठेवला, तरी बलोपासना हें धर्माचेंच एक अंग आहे ही भावना त्या काळीं समाजांत रुजली, यांत शंका नाहीं. गांवोगांवीं मारुतीच्या देवळाशेजारीं तालीम दिसते ती या भावनेची खूण होय.

ही तालीम म्हणजे त्या काळची शाळाच होती. मध्यें तांबड्या मातीचा हौदा. ती माती चाळून, तींत तेल, ताक व हळद घालून मऊ राखलेली. भिंतीशीं मुद्गलांच्या जोड्या, करेला, लेझीम. कोपऱ्यांत मारुतीची शेंदरी मूर्ति. भल्या पहाटे उठून पोरांनीं जोर काढावे, बैठका माराव्या, उस्तादाच्या नजरेखालीं डाव शिकावे आणि मग हौद्यांत उतरावें. त्या मातींत जातपात फारशी विचारली जात नसे. ज्याची पकड घट्ट तो मोठा, एवढाच तेथला नियम. शिस्त, ब्रह्मचर्य, वडीलधाऱ्यांचा मान आणि हार पचविण्याची ताकद, इतक्या गोष्टी तालमीनें शिकविल्या.

तरीहि तालमीला तिच्या मर्यादा होत्या. कुस्तीला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा रोजचा खर्च गरिबाच्या घराला झेपणारा नव्हे. म्हणून नामांकित मल्ल राजेरजवाड्यांच्या आश्रयानें राहत. पुढें १९१२ सालीं कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं खासबागेचें मैदान उभें केलें, तेव्हां हा आश्रय आपल्या वैभवाच्या शिखरावर पोंचला होता. पण मैदानांत लढणारे दोघे आणि भोंवतीं बसून पाहणारे हजारों, हें प्रमाण कायमच राहिलें. दुसरी अडचण वयाची. पंचविशी-तिशीनंतर लंगोट खुंटीला लागला, कीं खुराकाची संवय राही आणि मेहनत सुटे. मग तेंच कमावलेलें शरीर ओझें होऊन बसे. आणि तिसरी, सर्वांत मोठी उणीव अशी, कीं समाजाचा निम्मा भाग, म्हणजे स्त्रिया, या तालमीच्या उंबरठ्याबाहेरच होत्या.

या बंदिस्त विद्येंत पहिली फट पडली ती एका खांबामुळें. मल्लांनीं खांबावर सराव करण्याची चाल जुनी आहे. बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत तिचा उल्लेख येतो. परंतु मधल्या काळांत मागें पडलेली ही विद्या पुन्हां उभी केली ती बाळंभटदादा देवधर यांनीं. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत निजामाच्या मुलखांतून अली व गुलाब या नांवाचे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनीं पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिलें. तें आव्हान तरुण बाळंभटांनीं उचललें. वणीच्या सप्तशृंग गडावर जाऊन त्यांनीं तपश्चर्या केली, मारुतीनें दृष्टांत देऊन त्यांना खांबावरचे डाव दाखविले, आणि परत येऊन त्यांनीं अलीला चीत केलें, अशी कथा मल्लखांबाच्या परंपरेंत श्रद्धेनें सांगितली जाते. दृष्टांताचा भाग श्रद्धेचा म्हणून सोडला, तरी मल्लखांबाला आजचें रूप त्यांच्यापासून मिळालें ही गोष्ट खरी. एरंडेल चोळलेला गुळगुळीत लांकडी खांब, त्याला पायाची व दंडाची अढी घालून अंग तोलायचें, उलटें व्हायचें, पुन्हां सांवरायचें. यांत जड शरीराचा उपयोग नाहीं. हलकें, लवचिक आणि सावध शरीर पाहिजे. विशेष हें, कीं कुस्तीला जोडीदार लागतो व लढाईला शत्रु लागतो, पण मल्लखांबाला दोहोंचीहि गरज नाहीं. मनुष्याची झुंज येथें स्वतःच्याच भाराशीं आहे. व्यायाम आणि प्रतिस्पर्धी यांची ताटातूट होण्यास येथून आरंभ झाला.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि दुसरा बाजीराव ब्रह्मावर्तास गेला. बाळंभटदादाहि त्याच्याबरोबर उत्तरेस गेले, व त्यांच्या शिष्यपरंपरेनें ही विद्या महाराष्ट्राबाहेर नेली. इकडे मात्र तालमींना उतरती कळा लागली. फौजा मोडल्या, सरदारांचे वाडे ओस पडले, १८७८ च्या कायद्यानें हत्यार बाळगण्यावर कडक निर्बंध आले. ज्या कामासाठीं शरीर कमवायचें तें कामच उरलें नाहीं. त्याच सुमारास शहरांतून एक नवा वर्ग पुढें येत होता: पहाटेपासून पुस्तकावर वांकलेला, परीक्षेमागून परीक्षा देणारा आणि पुढें कचेरींत दिवसभर खुर्चीवर बसणारा. शिकलेल्या तरुणांची खालावलेली प्रकृति हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळजीचा विषय होऊन बसला.

त्या काळच्या एका विद्यार्थ्याची हकीकत प्रसिद्ध आहे. १८७३ सालीं बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजांत दाखल झाले, तेव्हां त्यांची देहयष्टि अगदीं किरकोळ होती. त्यांनीं पहिलें वर्ष अभ्यासाला न देतां व्यायामाला दिलें. कुस्ती, पोहणें, नाव वल्हविणें यांत तें वर्ष गेलें, परीक्षेंत अपयश आलें. पण प्रकृति सुधारली. मंडालेचा सहा वर्षांचा बंदिवास त्यांनीं सोसला तो या शिदोरीवर, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. विद्येचें एक वर्ष शरीरावर खर्च करणें हा त्या काळच्या मध्यमवर्गाला वेडेपणा वाटला असेल. तथापि या उदाहरणांत एक नवा विचार दडलेला होता: शरीर सुदृढ करावयाचें तें कोणाला चीत करण्यासाठीं नव्हे, तर हातीं घेतलेलें आयुष्याचें काम तडीस नेण्यासाठीं.

याच सुमारास विलायतेंतहि बळाची एक लाट उसळली होती. प्रशियांत १८६७ सालीं जन्मलेला युजेन सँडो लंडनच्या रंगभूमीवर आपल्या शक्तीचे प्रयोग करून जगप्रसिद्ध झाला. त्यानें डंबेल्स व स्प्रिंगांचीं यंत्रें विक्रीस काढलीं, पुस्तकें लिहिलीं, टपालानें शिकवणी चालविली. १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानांत येऊन गेला, तेव्हां त्याचे खेळ पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. त्याच्या पुस्तकांनीं व यंत्रांनीं हिंदुस्थानांतल्या अनेक सुशिक्षितांना भुरळ घातली. सातारा भागांतल्या औंध संस्थानाचे राजपुत्र भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि हे त्यांतलेच एक.

औंध हें संस्थान लहान. सुमारें बहात्तर गांवें, तींहि सलग नव्हेत. कांहीं औंधाभोंवतीं, कांहीं कुंडलाकडे, कांहीं माणदेशांतल्या आटपाडीच्या कोरड्या माळावर. पाऊस बेताचा, उत्पन्न बेताचें. भवानराव, ज्यांना लोक बाळासाहेब म्हणत, १८६८ सालीं जन्मले आणि १९०९ सालीं गादीवर बसले. ते पदवीधर होते, चित्रकार होते, स्वतः उभे राहून कीर्तन करीत. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनीं मोठा आश्रय दिला. अशा मनुष्यानें सँडोचीं यंत्रें व पुस्तकें मागविलीं आणि सुमारें दहा वर्षें त्याच्या पद्धतीनें निष्ठेनें व्यायाम केला. छाती भरली, दंड फुगले. पण पोट व कंबर यांचा सैलपणा म्हणावा तसा गेला नाहीं, आणि मनाला जी उभारी हवी ती मिळाली नाहीं. पुढें मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८ सालीं त्यांनीं सूर्यनमस्कार नियमानें घालण्यास आरंभ केला, आणि यंत्रें कायमचीं बाजूला पडलीं.

नमस्कार ही कांहीं नवी गोष्ट नव्हती. रथसप्तमीला, चातुर्मासांत, नवसाचे म्हणून नमस्कार घालण्याचें व्रत महाराष्ट्रांतल्या कित्येक घरीं चालत आलेलें होतें. मित्र, रवि, सूर्य, भानु अशा सूर्याच्या बारा नांवांचा उच्चार करावा आणि प्रत्येक नांवाला एक साष्टांग नमस्कार घालावा, एवढाच तो विधि. त्यांत पुण्याकडे लक्ष असे. शरीराला होणारा लाभ आपोआप पदरांत पडे. बाळासाहेबांनीं केलें तें असें, कीं देवघरांतला हा विधि त्यांनीं व्यायामशास्त्राच्या कसोटीला लावला. नमस्काराच्या दहा स्थिति त्यांनीं निश्चित केल्या. ताठ उभें राहून हात जोडावे, गुडघे न वांकवितां ओणवें होऊन तळवे जमिनीला टेंकावे, एक पाय मागें न्यावा, मग दुसरा, नंतर कपाळ, छाती, हात, गुडघे व पाय टेंकून साष्टांग घालावें, छाती उचलून मान मागें न्यावी, कंबर वर घ्यावी, आणि त्याच क्रमानें परत उभें राहावें. एकदां टेंकलेले तळवे शेवटीं उठेपर्यंत जागचे हलूं द्यावयाचे नाहींत, हा त्यांचा कटाक्ष. श्वास कोठें घ्यावा, कोठें रोखावा व कोठें सोडावा, हेंहि त्यांनीं ठरवून दिलें. मान, पाठीचा कणा, पोट, मांड्या, पोटऱ्या यांना आळीपाळीनें ताण व विसांवा मिळतो. जोर आणि बैठक या दोहोंचें काम एकाच चक्रांत होतें.

या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण तिच्या साधेपणांत होता. साडेतीन हात देहाला साडेतीन हात जमीन, एवढेंच तिचें भांडवल. यंत्र नको, आखाडा नको, उस्ताद नको, खुराक नको, जोडीदार नको. पाऊस पडत असेल तर माजघरांत, उघडीप असेल तर अंगणांत. जो व्यायाम पूर्वीं राजाच्या पैशावर चालत असे, तो आतां शेतमजुराच्या खोपटांतहि चालण्यासारखा झाला. बाळासाहेबांनीं तो स्वतःच्या कुटुंबापासून सुरू केला आणि मग संस्थानच्या शाळांत नेला. मुलांबरोबर मुलींनाहि नमस्कार घालावे लागत. औंधच्या राणीसाहेबहि नियमानें नमस्कार घालीत. स्त्रियांनीं नमस्कार घातल्यास त्यांचें अंग सुडौल राहतें व प्रसूतीचे क्लेश कमी होतात, असें बाळासाहेब आग्रहानें सांगत. ज्या काळांत मुलीनें धांवणें हेंहि पुष्कळ घरांत खपत नसे, त्या काळांत एका राजानें मुलींच्या शाळेंत व्यायाम सक्तीचा करावा, ही सामान्य गोष्ट नव्हती. तालमीच्या उंबरठ्याबाहेर राहिलेल्या निम्म्या समाजाला येथें प्रथम जागा मिळाली.

त्यांनीं मराठींत पुस्तक लिहिलें, १९२८ सालीं तें इंग्रजींत आणलें, स्थितींचीं छायाचित्रें छापलीं, चित्रपटहि काढविला. १९३६ सालीं ते इंग्लंडास गेले असतां लुईज मॉर्गन या वृत्तपत्रकार बाईंनीं त्यांची मुलाखत घेतली. सत्तरीकडे झुकलेल्या या राजाचा टवटवीतपणा पाहून त्या चकित झाल्या. पुढें त्यांच्याच साहाय्यानें १९३८ सालीं लंडनांत नमस्कारांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि एका खेडेवजा राजधानींतला व्यायाम साता समुद्रांपलीकडच्या वाचकांच्या दिवाणखान्यांत पोंचला. दुसऱ्याच वर्षीं, १९३९ सालीं, गांधीजींच्या सल्ल्यानें तयार झालेली राज्यघटना लागू करून याच राजानें आपल्या प्रजेला स्वराज्य देऊन टाकलें. मनुष्यानें आपला भार आपणच उचलावा, या एकाच वृत्तीचीं हीं दोन रूपें होत, असें म्हटल्यास तें अप्रस्तुत ठरूं नये.

औंधचा हा प्रयत्न एकाकी नव्हता. बडोद्यास जुम्मादादांच्या व्यायाममंदिरांत प्रो. माणिकराव यांनीं हजारों तरुणांना सामुदायिक कवाइतीचें व देशी व्यायामाचें शिक्षण दिलें. त्यांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेंत तपासण्यास आरंभ केला. अमरावतीस १९१४ पासून वैद्य बंधूंनीं चालविलेल्या हनुमान आखाड्याचें पुढें मोठ्या संस्थेंत रूपांतर झालें. तेथील पथकानें १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. बडोद्याचे दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनीं याच काळांत दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' मराठींत सिद्ध केला. कोणीं आखाडा सुधारला, कोणीं शास्त्र शोधलें, कोणीं ज्ञान संग्रहीत केलें. औंधनें व्यायाम घरांत आणला.

परंतु इतिहासानें गुणांबरोबर दोषहि नोंदले पाहिजेत. नमस्कारांनीं बहुतेक सर्व रोग बरे होतात, अशा थाटाचे जे दावे त्या काळीं केले गेले, ते आजच्या वैद्यकाला मान्य होण्यासारखे नाहींत. बाळासाहेब १९५१ सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं वारले. पण एका मनुष्याचें दीर्घायुष्य हें कोणत्याहि पद्धतीचें प्रमाण होऊं शकत नाहीं. सक्तीचाहि प्रश्न आहे. शाळेंत शिट्टीच्या इशाऱ्यावर घातलेले नमस्कार शाळा सुटतांच कित्येक मुलें विसरतात. आवडीवांचून लागलेली शिस्त उंबरठ्यापर्यंतच साथ देते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, अर्धपोटीं मनुष्याला नुसता व्यायाम सांगणें ही थट्टा आहे. बाळासाहेबांनींहि आपल्या ग्रंथांत आहाराचा विचार निकडीचा मानला होता, हें लक्षांत ठेवावें. शिवाय अंगण मिळालें त्याबरोबर तालमीची एक ठेव हातची गेली: संगत. चार सोबती पहाटे हांक मारीत, न येणाऱ्याची चौकशी करीत, तें सुख एकट्यानें केलेल्या व्यायामांत नाहीं. म्हणून नमस्कार एकट्याला साधत असले, तरी ते घरांतल्या चौघांनीं मिळून घालावे हें अधिक चांगलें.

मग रोज थोडा व्यायाम करण्यानें खरोखर काय साधतें? या प्रश्नाचें एक बोलकें उत्तर नमस्कारांच्या प्रसारानंतर कांहीं वर्षांनीं लंडनच्या रस्त्यांवर मिळालें. जेरेमी मॉरिस या संशोधकानें तेथील दुमजली बसगाड्यांच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली व १९५३ सालीं ती प्रसिद्ध केली. दोघांची गाडी एक, राहणी सामान्यतः एक. फरक एवढाच कीं, चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटें देत जिन्यावरून खालींवर करीत असे. चालकांच्या मानानें वाहकांत हृदयविकाराचें प्रमाण कमी आढळलें. मुंबईच्या दुमजली बसगाडींत जिना चढणारा वाहक ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना यांतलें मर्म सहज उमगेल. त्या वाहकानें कधीं मुद्गल फिरविला नव्हता कीं मैदान मारलें नव्हतें. तो फक्त रोज, कामाच्या ओघांत, हलत राहिला. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढ मनुष्याला आठवड्यास निदान १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाच्या हालचालीची शिफारस करते. दिवसाकांठीं अर्धा तास धरला, तर पांच दिवसांतच तिची किमान मर्यादा पुरी होते. वाग्भटाची अर्धशक्ति आणि हा अर्धा तास यांच्यामध्यें शतकांचें अंतर आहे, पण दोघांचा सल्ला एकाच जातीचा आहे: फार नको, पण रोज हवें.

अशा रोजच्या हालचालीनें शरीराबरोबर मनहि सुधारतें, याला आज शास्त्राचा पाठिंबा आहे. झोंप स्वस्थ लागते, चिंतेचा भार हलका होतो, उदासीनता कमी होते. सुश्रुतानें आरोग्याच्या लक्षणांत मनाच्या प्रसन्नतेला जागा दिली होती ती किती विचारपूर्वक, हें यावरून ध्यानांत येतें. सुखी मनुष्य निरोगी असतो कीं निरोगी मनुष्य सुखी असतो, हा वाद घालीत बसण्याचें कारण नाहीं. दोन्ही चाकें एकाच आंसाला जोडलेलीं आहेत.

औंध संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. राजे गेले, शाळांतली ती सक्तीहि गेली. बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांनीं परराष्ट्रसेवेंत देशोदेशीं वावरतांनाहि वडिलांचा वारसा जपला आणि १९७० सालीं नमस्कारांवर स्वतः पुस्तक लिहिलें. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ सालीं मुंबईच्या शिवाजी पार्कवर भरली, तेव्हां परदेशचे तरुण-तरुणीहि त्या खांबावर चढले. २०१५ पासून २१ जूनला जगभर योगदिन साजरा होतो, आणि त्या दिवशीं अनेक ठिकाणीं सूर्यनमस्कार घातले जातात. बाळंभटदादांची विद्या आणि औंधच्या राजाची दीक्षा अशी जगांत मान्य झाली.

पण एका दिवसाच्या सोहळ्यानें वर्षाचें आरोग्य मिळत नाहीं. आजहि किमती यंत्रें घरांत येतात, महिनाभर उत्साहानें चालतात आणि पुढें त्यांच्यावर कपडे वाळूं लागतात. आजहि इतरांचें कमावलेलें शरीर पाहून लोक हरखतात व स्वतःच्या शरीराविषयीं हताश होतात. खासबागेच्या मैदानाभोंवतीं बसणाऱ्या गर्दीचीच ही नवी आवृत्ति आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं औंधच्या एका राजपुत्रानें दहा वर्षांच्या अनुभवानें जें ओळखलें, तें प्रत्येक पिढीला नव्यानें ओळखावें लागतें, असें दिसतें. त्याच्याजवळ हवीं तेवढीं यंत्रें घेण्यास पैसा होता. तरी अखेर तो जमिनीवर उतरला आणि त्यानें दोन्ही तळवे भुईला टेंकले.

साडेतीन हात जमीन शेवटीं प्रत्येकाच्याच वांट्याला येते. ती जिवंतपणीं, रोज सकाळीं, अर्ध्या घटकेपुरती कां होईना, ज्यानें आपलीशी केली, त्याच्या उरलेल्या दिवसाला बळ येतें आणि मनाला प्रसन्नता येते. महाराष्ट्रानें यासाठीं आखाड्यापासून अंगणापर्यंतची वाट तुडवून ठेवलेली आहे. त्या वाटेनें चालण्यास पहिलवान असावें लागत नाहीं. पहाटे जाग आली कीं उठावें लागतें, एवढेंच.